साइड बी कुणी ऐकली?

कमी लेखलं जाणं ही नागपुरात तक्रार नसते, वडिलोपार्जित इस्टेट असते. १९५६ पर्यंत हे शहर एका अख्ख्या राज्याची राजधानी होतं. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या वाट्याला उपराजधानीचं पद आणि हिवाळी अधिवेशन आलं. म्हणजे डिसेंबरात सरकार येणार, संत्री खाणार, आणि मे महिन्यात, जेव्हा माणसाला खरी सोबत लागते तेव्हा, आम्हाला पंचेचाळीस अंशांच्या स्वाधीन करून स्वतः मुंबईत समुद्राचा वारा खाणार. देशाचा मध्यबिंदू मानला जाणारा झिरो माइलचा खांबही आमच्याकडेच आहे. पण बिंदूला लांबी नसते आणि रुंदीही नसते, हे भूमितीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

त्यामुळे एखादी गुणी गोष्ट कुठं दुर्लक्षित पडलीय असं कळलं की आमच्या धरमपेठेतला माणूस हळवा होतो. तिला घरात घेतो, तिची बाजू लावून धरतो आणि तिच्या वतीनं येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडतो. आमच्या कंपूनं अशी दत्तक घेतलेली गोष्ट म्हणजे 'रॉक मशीन' हा मुंबईचा बँड, आणि त्यातही त्याचा १९८८ सालचा पहिला अल्बम, 'रॉक एन रोल रेनेगेड'.

या अल्बमबद्दल माझं स्वतःचं काही मत नाही, असं मी म्हणतो तेव्हा कंपू माझ्याकडे कीव करत बघतो. पण मत व्हायला तो सलग ऐकावा लागतो, आणि सलग ऐकायला मला अजून कोणी दिलेला नाही. १९८८ पासून माझे प्रयत्न चालू आहेत. कॅसेट लागते, गिटार सुरू होते, गाणारा तोंड उघडतो, आणि कोणीतरी पॉजचं बटण दाबून म्हणतं, "थांब. आता पुढं जे येऊन राहिलं ना, ते आधी समजून घे." समजावण्यात चहा होतो, चहात वाद होतो, वादात वीज जाते आणि वीज आली की घरी जायची वेळ झालेली असते. मत नसलं तरी या अल्बमवर मी बोलतो मात्र भरपूर. परवाच मेट्रोत शंकरनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत एका अनोळखी तरुणाला मी त्यातली गिटार समजावून सांगितली. तो सुभाषनगरलाच उतरणार होता, पण मी उतरू दिलं नाही.

बँडची गोष्ट तशी सरळ आहे. १९८४ साली मुंबईत ही पोरं जमली. त्या काळात रॉक ऐकणाऱ्या पब्लिकची देशी बँडकडून एकच अपेक्षा असे: परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवा. डीप पर्पलचा एक सूर इकडचा तिकडं झाला की पब्लिक शिट्ट्या मारून चूक दाखवी, आणि 'आता आमचं स्वतःचं गाणं' असं कोणी माइकवर म्हटलं की तेच पब्लिक पाणी प्यायला बाहेर जाई. रॉक मशीननंही सुरुवात दुसऱ्यांच्याच गाण्यांनी केली. पण पुढं त्यांना स्वतःची गाणी सुचायला लागली, आणि ती त्यांनी नुसती वाजवलीच नाहीत, तर कॅसेटवरही काढली. तीही कोणत्या वर्षी? ज्या वर्षी रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की देशभरातले रस्ते ओस पडत, त्या वर्षी.

मूळ कॅसेट धरमपेठेत एकच आली. ती कोणी आणली यावर आजही एकमत नाही. कंपूत एक बँकवाला आहे, एक इंजिनियर आहे आणि एक दातांचा डॉक्टर आहे. तिघंही 'माझीच होती, याला ऐकायला दिली तेव्हापासून गायब आहे' असं म्हणून बाकीच्या दोघांकडे बोट दाखवतात.

अल्बम कसा आहे, हा इथं पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो, तू कधी ऐकलास?

"अठ्ठ्याऐंशीत. निघाला त्याच आठवड्यात," बँकवाला म्हणतो.

"मी सत्त्याऐंशीत," दातांचा डॉक्टर म्हणतो.

"अबे, निघालाच अठ्ठ्याऐंशीत ना?"

"निघाल्यावर काय कोणीही ऐकतं. मी निघायच्या आधी ऐकला."

यावर कोणी काही बोललं नाही, तर डॉक्टर रंगभवनावर येतो. मुंबईत धोबी तलावाजवळ झेवियर्सच्या शेजारी रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं आणि १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवामुळं ते रॉकवाल्यांचं पंढरपूर झालं होतं. तिथं किती लोक मावत असतील ते असो. आज नुसत्या लॉ कॉलेज चौक ते लक्ष्मीभुवन चौक एवढ्या पट्ट्यात 'मी होतो ना तिथं' म्हणणारे त्याहून जास्त आहेत. दरवर्षी त्यात नवी भर पडते. सगळे विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून गेले होते, सगळे पहिल्या रांगेत होते, आणि सगळ्यांवर गिटारवाल्याचा घाम उडाला होता. डॉक्टर हे रंगात येऊन सांगत होता तेव्हा त्याची आई आतून म्हणाली, "अरे, त्या ऑगस्टात तर तुला कांजिण्या झाल्या होत्या. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून पडला होतास."

"आई, तो पुढचा ऑगस्ट."

"पुढच्या ऑगस्टात तू एटीकेटीचे फॉर्म भरत होतास."

मूळ कॅसेट एक आणि चाहते अनेक, म्हणून तिच्या प्रती निघाल्या. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. प्रत्येक पिढीत गाणं थोडं मागं सरके आणि खरखर थोडी पुढं येई. पुढं अल्बमवरच्या मतांमध्ये जे तट पडले ते खरं म्हणजे प्रतींचे तट होते. पहिल्या पिढीची प्रत ऐकणारे म्हणत, कीबोर्ड फार आहे. तिसऱ्या पिढीची प्रत ऐकणारे म्हणत, कीबोर्ड आहेच कुठं? पाचव्या पिढीच्या प्रतीवर कॉफी हाऊस चौकातल्या एका मुलानं प्रेम केलं. त्याच्या मते या अल्बममधला पाऊस अप्रतिम होता.

सगळ्यात खोल विचार इंजिनियरनं केला होता. त्याचं म्हणणं असं की या बँडनं रॉकमध्ये भारतीय संगीत आणलं, आणि तेही इतरांच्या कित्येक वर्षं आधी. "दुसऱ्या बाजूचा शेवट ऐक. गिटार तुटते, दोन सेकंद शांतता, आणि एकदम पखवाज. टाळ. केवढी हिंमत पाहिजे बे याला!" आम्ही भारावून ऐकलं. खरोखरच पखवाज होता. खरोखरच टाळ होते. मग तो आवाज आला. तो भीमसेनजींचा होता. इंजिनियरनं आईच्या 'अभंगवाणी'वर अल्बम भरून घेतला होता. तयार कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून कडेला जी खाच ठेवतात तिच्यावर चिकटपट्टी लावली की काम होतं. अल्बम आधी संपला आणि उरलेल्या फितीवर अभंग तसाच राहिला. आम्ही हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते तुमचं मत झालं."

पण कंपूचा सामुदायिक मोठेपणा पाहायचा तर उन्हाळ्याकडे वळावं लागेल. एका वर्षी मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत इंजिनियरच्या टू-इन-वनवर हा अल्बम आम्हाला एकदम वेगळा ऐकू यायला लागला. गाणाऱ्याचा आवाज भारदस्त झाला होता, ड्रम विचार करून वाजत होते, प्रत्येक सुरामागं आयुष्य दिसत होतं. "खोली आहे," बँकवाला म्हणाला. "अस्वस्थता आहे," डॉक्टर म्हणाला. "हे अमेरिकेतल्या लोकांना कधीच जमणार नाही," इंजिनियर म्हणाला. मीही डोळे मिटून मान हलवली. मान हलवायला मत लागत नाही.

तेवढ्यात आराम खुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे इंजिनियरचे वडील, नाना, म्हणाले, "पट्टी उतरलीय रे."

"नाना, हे रॉक आहे. याला पट्टी नसते."

"कव्हरवर फोटो पाहिला मी. पोरं तिशीच्या आतली आहेत आणि आवाज पेन्शनीत निघालेल्या माणसाचा. यंत्र दाखवून आणा."

नानांचा जन्म किराणा घराण्याचं गाणं ऐकण्यात गेला होता, म्हणून आम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. पुढं टू-इन-वन अजिबातच बंद पडला तेव्हा बर्डीवरच्या दुकानात दुरुस्तीला नेला. दुकानदारानं झाकण उघडलं आणि आतला रबरी पट्टा करंगळीवर धरून दाखवला. गरमीनं तो ढिला पडून लोंबत होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सरकायला पाहिजे. हा वेग साधारण सहा टक्क्यांनी मंदावला की काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये येऊन बसतं. म्हणजे खोली पट्ट्यात होती, आणि अस्वस्थताही पट्ट्यातच. नवा पट्टा बसवून घरी आलो, कॅसेट लावली. गाणी टुणटुणीत, तरतरीत वाजायला लागली. कंपूचे चेहरे पडले.

"पहिल्यासारखी मजा नाही राहिली," बँकवाला म्हणाला.

डॉक्टरनं हळूच विचारलं, "जुना पट्टा फेकला तर नाही ना?"

घरातल्या वडीलधाऱ्यांची मतं आम्ही कधी हिशेबात धरली नाहीत, पण ती मोजक्या शब्दांत असत. इंजिनियरच्या आईनं, म्हणजे काकूंनी, सांबारवडीची बशी ठेवता ठेवता दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "गळा चांगला आहे रे त्याचा. पण एवढा ओरडतो कशाला? समोर माइक आहे ना?" याचं उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. त्या दिवशी सांबारवडीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. ती सगळ्यांनी सलग आणि शेवटपर्यंत खाल्ली.

नानांनी चष्मा पुसून कव्हरवरची नावं वाचायला घेतली. "बेनेगल, गांधी, तिनईकर, बलापोरिया, सेल्विन... हा बँड आहे की बँकेचं संचालक मंडळ?" मग एका नावावर बोट ठेवून थांबले. "तिनईकर? मुंबईचे आयुक्त आहेत, त्यांच्यातले का रे?" तेव्हा सदाशिव तिनईकर मुंबई महापालिकेचे आयुक्त होते आणि त्यांच्या कडकपणाची कीर्ती नागपूरपर्यंत पोचलेली होती. आम्हाला काय माहीत! पण नाही म्हणावं तर कॅसेट बंद होईल, म्हणून आम्ही सगळ्यांनी हो आणि नाही यांच्या मधला एक आवाज काढला. नाना समाधानानं मागं टेकले. "मग असू दे चालू. ताल चुकणार नाही."

या सगळ्यात अल्बमची स्तुती झाली नाही असं नाही. पण आपल्याकडच्या माणसानं केलेल्या रॉकची स्तुती नेहमी वजावट करून मिळते. 'चांगलं आहे' असं कोणी म्हणत नाही. 'आपल्या मानानं चांगलं आहे' असं म्हणतात. गाणं आपल्याकडचं आहे हे कळायच्या आधी जो माणूस "वा, कोणाचं आहे हे?" म्हणून पुढं सरकलेला असतो, तोच मुंबईचा बँड आहे म्हटल्यावर पुन्हा मागं टेकतो आणि म्हणतो, "तरीच मला थोडं कच्चं वाटून राहिलं होतं." आणि कच्चं नाही म्हणावं, तर चोरीचं आहे. एकदा बँकवाल्याच्या साळ्यानं, "हे तर सरळसरळ बॉन जोवी आहे," असं म्हणायचं धाडस केलं. डॉक्टर उठून उभा राहिला.

"बॉन जोवीनं यांचं घेतलं असेल."

"अहो, बॉन जोवीचा तो अल्बम शहाऐंशीचा आहे. तुमचा अठ्ठ्याऐंशीचा."

"अल्बम अठ्ठ्याऐंशीचा. पण हे चौऱ्याऐंशीपासून वाजवून राहिले ना!"

साळा पुन्हा आमच्या बैठकीला आला नाही. बहिणीच्या घरीही कमीच येतो, असं बँकवाल्याची बायको सांगते.

असं सगळं दुर्लक्षाच्या गार सावलीत सुखानं चाललं होतं. मग वाईट दिवस आले. केबलवर एमटीव्ही दिसायला लागला आणि त्यावर चक्क आमचा बँड दिसला. १९९३ साली 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. बातमी कळली तेव्हा आम्ही ट्रॅफिक पार्कच्या कठड्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "पेढे आणू का?"

"कशाचे?" बँकवाल्याचा आवाज जड झाला होता. "आता हे गाणं गोकुळपेठच्या भाजीबाजारात वाजेल. आपल्या हातून गेला रे बँड."

या बँडला कोणी ओळखत नाही म्हणून हाच माणूस पाच वर्षं घसा बसेपर्यंत बोलला होता. आता ओळखायला लागले म्हणून तो दोन दिवस नीट जेवला नाही. त्यात त्याच वर्षी बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. डॉक्टरनं आपल्या लुनाच्या मडगार्डवर पेंटरकडून झोकदार अक्षरांत 'रॉक मशीन' लिहून घेतलं होतं. रंगाचे पैसे अजून द्यायचे होते. इंजिनियर तेवढा खुशीत होता. "इंडस! सिंधू! भारतीय वळण! मी म्हणत नव्हतो का? पखवाज आठवा."

पुढं १९९५ ला नव्या नावाचा अल्बम आला, मग काही वर्षांनी बँड विखुरला, आणि कंपूच्या जिवात जीव आला. बंद पडलेल्या बँडवर प्रेम करणं सोपं असतं. तो आणखी प्रसिद्ध व्हायची भीती नसते. पण या मंडळींना चैन कुठं! २०१० ला ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' नावाचा अल्बम काढला. त्या दिवशी बँकवाला मला लॉ कॉलेज चौकात भेटला. स्कूटरवरूनच ओरडला, "पहिल्याची सर नाही!"

"ऐकलास?"

"ऐकायचं काय त्यात? पहिल्याची सर कशालाच नाही."

नुकतीच डॉक्टरकडे बैठक बसली होती. विषय अर्थात तोच. सगळ्यांचे केस गेलेत, डॉक्टरचे स्वतःचे दोन दात गेलेत, पण अल्बमवर अन्याय झाला हे दुःख अजून ताजं आहे. का कोण जाणे, मी सहज विचारलं, "साइड बीवर शेवटचं गाणं कोणतं रे?"

बँकवाला पंख्याकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाला, "प्रश्न गाण्याचा नाही, काळाचा आहे." इंजिनियर ठामपणे म्हणाला, "अभंग."

तेवढ्यात डॉक्टरची धाकटी मुलगी बाहेर आली. कॉलेजात शिकते. तिच्या हातात एक कॅसेट होती. माळा आवरताना सापडली म्हणाली. कव्हर पिवळं पडलेलं, पण मूळ. बँकवाला आणि इंजिनियर, दोघांनीही एकदम डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर चहाच्या कपात बघत होता. तिनं आजोबांचा जुना प्लेयर काढून, कापसाला स्पिरिट लावून त्याचं हेड पुसलं होतं आणि आम्ही हॉलमध्ये काळावर बोलत होतो तेवढ्यात आतल्या खोलीत दोन्ही बाजू ऐकून टाकल्या होत्या.

"मस्त आहे हो काका," ती मला म्हणाली. "दोन गाणी एकदम भारी, एक बोअर आहे, बाकीची छान. ड्रमचा आवाज थोडा जुना वाटतो. पण गिटार काय वाजवलीय!"

हॉलमध्ये शांतता पसरली. मत एवढ्यात संपू शकतं, हे आम्हाला नवीन होतं. कोणी विचारलं नाही की रंगभवन कुठं होतं ते तुला माहीत आहे का, कोणी पॉज दाबला नाही, कारण दाबायला काही चालूच नव्हतं.

"मी याचं सगळं कॉम्प्युटरवर घेणार आहे," ती उत्साहानं पुढं म्हणाली. "गॅदरिंगला आमचा बँड यातलं एक गाणं बसवणार. आणि मैत्रिणींना सगळ्यांना पाठवते. एवढं भारी कोणाला माहीतच नाही!"

हेच वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून आम्ही १९८८ पासून वाट बघत होतो. बँकवाल्याच्या कपाळावर घाम आला. इंजिनियर म्हणाला, "गॅदरिंगला? म्हणजे पोरं नाचणार त्यावर?" डॉक्टरनं कप खाली ठेवला, मुलीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कधी नव्हे इतक्या मायेनं म्हणाला, "बेटा, तसा काही एवढा खास नाही तो. त्यापेक्षा तू त्यांना बॉन जोवी ऐकव."